खरखर कुठून येते

९ ऑगस्ट, शनिवार. जव्हार

आज आदिवासी दिनाची रॅली. पाय दुखेस्तोवर उभी होते. नितीनच्या बँडचा टेम्पो सगळ्यात पुढे. नितीन कॉलेजात माझ्या वर्गात होता, मोखाड्याचा. आता लग्नांत कीबोर्ड वाजवतो, आणि त्या कीबोर्डात आमच्या फुंकून वाजवायच्या तारप्याचं, ‘तारपा’ नावाचं एक बटण आहे याचा त्याला फार अभिमान. त्या बटणावर त्याने आज चक्क बाबाची चाल वाजवली. गावदेवाला नवा तांदूळ दाखवतात तेव्हाची. तीही अर्धी, आणि खाली धडाम धडाम ढोल.

टेम्पोजवळ जाऊन ओरडले, "अरे, ही कुठून उचललीस?"

"तुझ्या बापाकडून," तो वरून ओरडला. "दाभोशाला आलो होतो ना नव्याला. मोबाईलवर घेतली."

"अर्धीच घेतलीस!"

"मग पुरी तू दे!"

त्याला काय जातंय बोलायला. बाबाला दर वर्षी या रॅलीचं बोलावणं येतं आणि दर वर्षी तो नाही म्हणतो. भाताला दाणा धरेपर्यंत आमच्याकडे तारपा चुलीवरच्या आढ्यावरून खाली काढत नाहीत. भात पोटरीत असताना वाजवला तर दाणा पोचट राहतो म्हणतात. बाबाचं ठरलेलं उत्तर: "मला काय इचारता, भाताला इचारून या."

पण नितीनचं बोलणं डोक्यात बसलं. या दिवाळीनंतर, नवं भात घरात आलं की, बाबाच्या सगळ्या चाली पूर्ण रेकॉर्ड करायच्या. गावात त्या दुसऱ्या कुणाला येत नाहीत. मोबाईलवर नाही, नीट. करायचं तर नीट, नाहीतर करूच नये. यावरून ऑफिसात मला नावं ठेवतात, ठेवोत.

११ ऑगस्ट, सोमवार

नितीनने सांगितलं, माइक माझे घे, पण ऑडिओ इंटरफेस स्वतःचा घे. म्हणजे माइकमधला आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देणारी छोटी पेटी. एका बाजूला माइकची वायर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपची, पुढे हेडफोनचं भोक आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण. बस. एवढ्याशा डब्यावर जगात इतके व्हिडिओ असतील असं वाटलं नव्हतं.

एक जण म्हणतो स्वस्तातली घेऊच नका, खरखर येते. दुसरा म्हणतो, स्वस्त आणि महाग यात कानाला काही फरक नाही, पैसे पाण्यात घालू नका. तिसरा नुसता पेटी उघडून आतला वास घेतो. मी तिघांचेही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले.

मुख्य प्रश्न, एका माइकची घ्यायची की दोन माइकची. एका माइकची बरीच स्वस्त. बाबा एकटा, तारपा एक, मग दोन माइक कशाला? पण तारपा चांगला दोन-अडीच हात लांब. फुंकायचं टोक आणि वाळका भोपळा तोंडाशी, ताडाच्या पानांचा कर्णा पार खाली गुडघ्याशी. एक माइक तोंडाकडे आणि एक कर्ण्याकडे लावला तर आवाज भरून येईल. विचार करायला हवा.

१७ ऑगस्ट, रविवार. दाभोसा

जीपने आले. रस्ता होता तिथे होता, नव्हता तिथे चिखल.

बाबा ओटीवर बसला होता. बसा-बोला नाही, पाणी नाही, पहिलं वाक्य: "आनला का डबा?"

म्हटलं, "अरे, अजून ठरवतेय."

"डबाच तं आहे. त्यात काय ठरवायचा?"

मी त्याला एक माइक-दोन माइक समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "दोन्ही नको. जो लवकर येल तो आन."

रखमी आत्या चहा ठेवता ठेवता म्हणाली की हल्ली नदीवरून येताना हा मध्येच आंब्याखाली टेकतो. आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. आई गेल्यापासून तीच घर बघते आणि बाबाला धाकात ठेवते. बाबा म्हणाला, "गुडघं दुखतात." आत्या म्हणाली, "गुडघं तोंडानं धापा टाकतात काय?" दोघांचं हे असं रोजचंच. गुडघ्याला लावायची ट्यूब पुढच्या वेळी आणायची.

२३ ऑगस्ट, शनिवार

दसऱ्याच्या आसपास ऑनलाइन सेल लागतो. तेव्हा दोन माइकवाली एका माइकच्या भावात मिळेल असं सगळे लिहितात. भात कापायला अजून वेळ आहे, मग घाई कशाची? थांबायचं ठरलं. ठरलं की बरं वाटतं.

बाबाचा फोन आला. त्याला फोनवर बोलायचा कंटाळा, कधी करत नाही. विचारलं, "आला का?" सांगितलं, दसऱ्याला. तो म्हणाला, "बरा." फोन तसाच चालू ठेवून तो कुठेतरी गेला. मी बराच वेळ हॅलो हॅलो करत बसले. नुसती लाइनची घरघर ऐकू येत होती.

३१ ऑगस्ट, रविवार. दाभोसा

आज घरात तमाशा झाला.

मी पोचले तर तारपा बाबाच्या मांडीवर. आढ्यावरचा खिळा मोकळा. बाहेर शेत हिरवंगार, भात पोटरीला आलंय, लोंबीचा पत्ता नाही, आणि हा माणूस तारप्याची काजळी फडक्याने पुसतोय! ज्याने मला लहानपणी नुसता हात लावला म्हणून दुपारभर अंगणात उभं केलं होतं तो.

आत्या चुलीपाशी पाठ करून बसलेली. चहा केला नव्हता. आमच्या घरात चहा नाही म्हणजे कुणीतरी मेलं असं समजायचं.

"बाबा, हे काय?"

"काढला."

"भात पोटरीत आहे."

"मला दिसतं. डोले गेले नायत माझे."

"तूच शिकवलंस ना, दाणा धरल्याशिवाय..."

"मीच शिकवला. मीच मोडतो. तू ते मशीन आन नि घे सगल्या चाली."

मला खरंच राग आला. मी सगळं त्याच्या नियमाप्रमाणे बसवलं होतं, सेलसुद्धा. म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबायला काय जातंय?" तारप्याच्या भोपळ्यावर एक चीर होती, तिच्यावर तो मेण दाबत राहिला.

जीपमध्ये विचार केला. नितीनने त्याची चाल टेम्पोवर वाजवली, रॅलीचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. बाबाच्या डोक्यात तेच गेलंय. म्हातारपणी हौस सुचली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बाबा असा नव्हता, याचं वाईट वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार. दाभोसा

शेवटी नितीनकडून त्याची जुनी लाल पेटी आणली, नुसती टेस्ट करायला. म्हटलं बाबाचंही समाधान होईल आणि खोलीत आवाज कसा येतो ते मलाही कळेल. लाल पेटी एका माइकची.

आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या. आत्याने सगळी दारं लावून घेतली, रेकॉर्डिंगसाठी नाही, शेताला ऐकू जाऊ नये म्हणून.

माइक मध्ये ठेवला आणि बाबाला म्हटलं, इथे उभा राहा, हलू नकोस. तो म्हणाला, "उभ्यानं तारपा वाजतो काय?" आणि चालत सुटला. तारपकरी नेहमी चालत वाजवतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, हे मला माहीत आहे. पण माइक चालत नाही हे त्याला कोण सांगणार? तो माइकभोवती गोल गोल. जवळ आला की लॅपटॉपवरचा आवाजाचा काटा वर, लांब गेला की खाली. आणि वाजत्या तारप्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून मीही हेडफोन लावून जागच्या जागी त्याच्याबरोबर फिरतेय. शेवटी वायर माझ्या पायांना गुंडाळली. आत्या रागात होती तरी फिसकन हसली.

टेस्टला एक चाल पुरे होती. एक संपली, मी हात केला, तो थांबला नाही. दुसरी घेतली. मग तिसरी. धान्याच्या कणसरी देवीची, गावदेवाची, वाघोबाची, लग्नातली, मी कधीच न ऐकलेली एक. मध्ये मध्ये भिंतीला टेकायचा आणि परत चालू. मी ओरडले, "बाबा, टेस्ट आहे ही!" त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. दुपार कलली तेव्हा खांबाला टेकून खाली बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "झाला. सगला दिला."

"खरं रेकॉर्डिंग दसऱ्यानंतर," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला. दमला होता. वय झालं आता.

१० सप्टेंबर, बुधवार

वाटलंच होतं. लाल पेटी भिकार आहे. तारप्याच्या आवाजामागे सगळीकडे खरखर. चाल संपल्यावर तर जास्तच ऐकू येते, कुणी सुपात बारीक खडे पाखडतंय अशी. तारपकरी फुंकर न तोडता नाकाने श्वास ओढतो, गालातली हवा सोडत राहतो, त्याचा थोडा आवाज येणार हे मला माहीत आहे. पण ही खरखर त्याच्यानंतरही चालू राहते.

नितीनला फाइल पाठवली. तो म्हणाला, "माझ्या गाण्याला कधी आली नाही बुवा." म्हटलं, तुझ्या गाण्यात ढोलाखाली भूकंप झाला तरी ऐकू येणार नाही. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी फोन ठेवला.

सेलची वाट बघण्यात अर्थ नाही. काळी पेटी मागवली, दोन माइकची. तिच्यात माइकचा आवाज मोठा करणारा भाग एकदम स्वच्छ आहे असं झाडून सगळे सांगतात. शिवाय पटली नाही तर महिन्याभरात परत करता येते.

२० सप्टेंबर, शनिवार. जव्हार

काळी पेटी आली. खोलीत पंखा बंद करून, खिडकी लावून, हेडफोन घालून बसले. बटण पूर्ण वर नेलं तरी काही नाही. विहिरीत डोकावल्यासारखी शांतता. घड्याळाचा काटा हलतो तो आवाज आला. इतकी खूश झाले की घड्याळच रेकॉर्ड करत बसले. उद्या दाभोसा.

२१ सप्टेंबर, रविवार. दाभोसा

खरखर आहेच!

आधी बाबा म्हणतो, "आज नको." का नको? इतके दिवस माझ्या मागे लागला होतास ना? मी गोधड्या टांगल्या, दोन्ही माइक लावले, एक तोंडाच्या उंचीवर, एक खाली कर्ण्यासाठी. मग उठला. गावदेवाची चाल अर्ध्यात सोडली. म्हणाला, मेण उकललं, हवा जाते. मी भोपळ्याला हात फिरवून बघितलं, मला कुठे मेण उकललेलं दिसलं नाही. पण तारपा त्याचा, त्याला माहीत.

आणि त्या अर्ध्या चालीतही तीच खरखर. जास्तच. माझ्या खोलीत नाही, नितीनकडे नाही, फक्त दाभोशात. घोडं पेंड कुठे खातंय? मला वाटतं इथल्या लाइटमध्ये दोष आहे, अर्थिंगच्या नावाने बोंब. लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर केलं. तरी आहे. कंपनीला मेल लिहिली, जरा कडक.

आत्या जाताना वेशीपर्यंत आली. म्हणाली, "त्याला आता फुंकायला लावू नको ग." म्हटलं, आत्या, नियम त्याने मोडला, माझ्यावर का रागावतेस? ती काहीतरी बोलणार होती, पण जीप आली.

२४ सप्टेंबर, बुधवार

लॅपटॉपमध्ये खरखर काढायचीही सोय असते. जिथे वाजवणं नाही, नुसती खरखर आहे, तो तुकडा दाखवायचा. मग तो प्रोग्रॅम सगळीकडून तेवढंच वेचून काढतो. दाभोशाच्या पहिल्या, लाल पेटीवरच्या रेकॉर्डिंगवर करून बघितलं, कारण सगळ्या चाली त्यातच आहेत. वेळ लागला. ही खरखर एकसारखी नाही, वर जाते, खाली येते, थांबते, परत येते. अशी खरखर कुठल्याच व्हिडिओत दाखवलेली नाही. तरी बरीचशी गेली. तारपा अगदी धुऊन काढल्यासारखा.

नितीनला पाठवलं. तो म्हणाला, "भारी. पण माझ्या बटणासारखा वाटतोय." कोण बोलतंय बघा.

२८ सप्टेंबर, रविवार. दाभोसा

आज कंपनीला पुराव्यासकट दाखवायचं म्हणून नीट तपासलं.

घराचा मेन स्विच बंद केला. लॅपटॉप बॅटरीवर. आत्या शेतावर. एक माइक बाबाच्या खाटेपाशी ठेवला, दुसरा लांब चुलीपाशी. दोन माइकची पेटी घेतल्याचा हा फायदा, दोन्हींचे काटे वेगळे दिसतात. पेटीत दोष असेल तर खरखर दोन्हीकडे सारखी दिसायला हवी. बाबाला म्हटलं, वाजवायचं नाही, बोलायचं नाही, नुसता बस.

चुलीकडचा काटा सपाट. खाटेकडचा हलत होता.

माइक वायरींसकट उलटसुलट केले, म्हणजे चुलीचा माइक खाटेपाशी आणि खाटेचा चुलीपाशी. तरी चुलीकडे सपाट. खाटेकडे हलतोय.

मग बाबा लघवीला म्हणून उठून बाहेर गेला. खाटेकडचा काटा खाली येऊन थांबला. खोली माझ्या जव्हारच्या खोलीसारखी झाली. मी श्वास रोखून बघत होते. बाबा आत आला, खाटेवर बसला, आणि काटा हलायला लागला. वर, खाली, थोडा थांबून परत वर.

पेटीत दोष नाही. माइकमध्ये नाही, वायरीत नाही, दाभोशाच्या लाइटमध्येही नाही.

हेडफोन काढून ठेवला. मग हेडफोनशिवायही ऐकू यायला लागलं. इतके दिवस कसं नाही आलं ते मला सांगता येत नाही.

"मिलला का दोष?" बाबाने विचारलं.

मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर जव्हारला चल."

तो नाही म्हणाला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार. जव्हार

काल दवाखाना, छातीचा फोटो, आज परत दवाखाना, आत्याही बरोबर. डॉक्टर तरुण आहेत. बाबाच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. जागा बदलायचे, परत ऐकायचे. मीही महिनाभर हेच करत होते, हेडफोन घालून, आणि माझ्या हाती पेटीची कंपनी लागली.

"हा आवाज कधीपासून येतोय?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाला, काय म्हाईत. आत्या म्हणाली, पावसाच्या अगोदरपासून, मी सांगून थकले. मी लॅपटॉप उघडला आणि सात सप्टेंबरची फाइल लावली, मग एकवीसची. वाजवणं सोडून फक्त मधल्या मोकळ्या जागा. डॉक्टरांनी मान वाकडी करून ऐकलं. म्हणाले, "असं कुणी आणून दाखवलं नव्हतं अजून." मला त्यात कौतुक वाटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, दगडाचं काम केलंय का? लग्नाआधी आणि नंतरही बाबा कित्येक वर्षं वाडा तालुक्याकडे खडीच्या मशीनवर जायचा. घरी यायचा तो भुवयांसकट पांढरा. आम्ही लहानपणी त्याला पिठाचा बाबा म्हणायचो आणि हसायचो. ती धूळ आत तशीच आहे म्हणे. ती निघत नाही. औषधं आहेत, ऑक्सिजन लागेल, नाशिकला एकदा दाखवा. आणि फुंकणं बंद.

बाहेर बाकावर आत्या रडायला लागली. "भात पोटरीत असता तारपा काढला, म्हनून झाला हे."

"उलटा बोलते ही," बाबा म्हणाला. "काढला म्हनून दम गेला नाय. दम जात होता म्हनून काढला. भात पिकंपर्यंत मी पुरलो नसतो."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डबा लवकर आन सांगत होतो तं तू सेल सांगत होती."

मला त्याचा राग आला, सांगितलं का नाही म्हणून. आणि माझा त्याहून आला. दवाखान्याच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बाकावर बसले. शेजारी बाबाची खरखर चालू होती.

१२ ऑक्टोबर, रविवार. दाभोसा

नाशिक झालं. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने घरी आलं. खाटेच्या उशाशी असतं, दिवसभर घुरघुरतं. या घरात आता रेकॉर्डिंग होणार नाही. लाइट गेली की मशीन थांबतं आणि एकदम शांत होतं, मला ऑगस्टपासून हवं होतं तेवढं. तेव्हा आत्या आणि मी दोघी सिलिंडरकडे धावतो. ती शांतता मला आता सहन होत नाही.

बाबाने विचारलं, "माझा वाजवलेला कठं आहे? लाव."

मी धुतलेली फाइल लावली. त्याला चांगलंच द्यायचं होतं. तो डोळे मिटून ऐकत होता, मग उघडले.

"हा कोन वाजवतो?"

"तूच, बाबा."

"मी नाय. हा मानूस श्वासच घेत नाय."

मी सांगितलं, खरखर काढली आहे. तो म्हणाला, "पहिला लाव. होता तसा." लावला. त्याचं बोट खाटेच्या दोरीवर चालायला लागलं. "इथं नाकानं घेतला. आता गाल फुगवला. इथं परत. इथं पुरला नाय, भिंतीला टेकलो. ऐकला?" ऐकलं. "शिकनारा हेच तं ऐकून शिकतो. बोटा कोनीपन ठेवील. श्वास कठं घ्यायचा ते कोन सांगंल? तू तेच वेचून टाकला होय?"

मी त्याच्यासमोर धुतलेली फाइल पुसून टाकली. त्याला पुसणं म्हणजे काय ते कळलं नसावं, पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "र्‍हाऊ दे, एवढा काय नाय त्यात."

नितीनला मूळ फाइल पाठवली. रात्री एवढंच उत्तर आलं: "आता पुरी शिकतो."

२६ ऑक्टोबर, रविवार. दाभोसा

भात घरात आलं. दाणा भरलेला आहे, आत्याने दाताखाली धरून तीनतीनदा बघितलं आणि मग बाबाला दाखवलं. 

आज गावदेवाला नवं दाखवलं. संध्याकाळी पाड्यातले लोक आमच्या अंगणात आले, दर वर्षी येतात तसे. तारपा वाजणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आले. मी नितीनचा मोठा स्पीकर मोखाड्याहून आणवला होता, नितीन स्वतः घेऊन आला. अंगणाच्या बरोबर मध्ये ठेवला, चारी बाजूंना सारखा आवाज जाईल असा. बाबाची खाट आत्याने ओटीवर आणून ठेवली, नाकात नळी, मशीन दाराआड. तारपा त्याच्या मांडीवर, नुसता.

सात सप्टेंबरची फाइल लावली. खरखरीसकट.

सुरुवातीला कुणी हललं नाही. मग घुंगुरकाठी आपटली आणि रांग झाली, एकमेकांच्या कमरेत हात. मी वाट बघत होते की रांग स्पीकरभोवती फिरेल. आवाज लांब गेला, जवळ आला. बाबा तेव्हा माझ्या माइकभोवती चालत होता, त्याचं ते चालणं. उभा राहा म्हणून मी त्याच्यावर केवढी ओरडले होते. तो उभा राहिला असता तर आज आवाज एका जागी खिळून बसला असता.

रांग स्पीकरपाशी आली आणि त्याला पाठ देऊन पुढे गेली. मला वाटलं नाचणारे चुकले. पण दुसऱ्या फेरीलाही तसंच. मग लक्षात आलं, सगळ्यांची तोंडं ओटीकडे होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. रांग पुढे गेली, वळली, मागे सरकली, आणि एकानेही खाटेला पाठ दाखवली नाही. स्पीकरला धक्के लागत होते, कुणाचा तरी पाय अडखळला.

मी नाचणाऱ्यांच्या मध्ये शिरले, चालू स्पीकर उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरून ओटीवर नेला आणि बाबाच्या खाटेखाली ठेवला. आवाज आता तिथून यायला लागला. बाबाची बोटं तारप्याच्या भोकांवर होती, तिकडून येणाऱ्या चालीबरोबर हलत होती. एका जागी स्पीकरमधला बाबा श्वासाला थांबला आणि खाटेवरच्या बाबाने बोट उचलून मला खूण केली, बघ, इथे.

मी जायला वळले.

"पाठ नको दाखवू ग," तो म्हणाला.

मग मी उलट्या पावलांनी ओटी उतरले, त्याच्याकडे बघत. मागून रांग आली, आत्याने माझ्या कमरेत हात घातला आणि मला ओढून घेतलं.